शुक्रवारचं डोकं

मंगळवार, १६ एप्रिल १९९६. ऊन स्वच्छ, वारा बेताचा. नळाला पाणी सहा ते पावणेसात. श्रीपतकडे स्टो पहाटे साडेपाचला. श्रीपतचं डोकं: ठीक. मीठ कोरडं. सखुबाईने पाच किलो गहू भिजत घातले. दूधवाला आला नाही, दुपारचा चहा लिंबाचा.

या नोंदीत मीठ शोभतं, दूधही शोभतं. शेजाऱ्याचं डोकं कशाला, असं कुणी विचारलं असतं तर मालतीबाई म्हणाल्या असत्या, घडलं ते लिहिलं. भुसावळच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस नावाच्या उंच, करड्या बाईंनी त्यांच्या हातात आठव्या वर्षी वही दिली होती आणि एकच नियम सांगितला होता: घडलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. पुढे लग्न झालं, यजमानांची रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सुरतेजवळ उधन्याला बदली झाली, नवागामच्या या चाळीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या झाल्या. यजमान गेले, त्यालाही नऊ वर्षं झाली. नियम मात्र टिकला. यजमान गेले त्या दिवशीच्या नोंदीतही शेवटची ओळ ‘रॉकेल मिळालं नाही’ अशी आहे.

श्रीपत बरोबर त्यांच्या खाली, मधल्या मजल्यावर राहायचा. चाळीसगावकडचा, अठराव्या वर्षी एक पिशवी घेऊन सुरतेला उतरलेला, तेव्हापासून पॉवरलूमवर. बावीस वर्षं सहा माग एकट्याने सांभाळणारा हा माणूस इतका गप्प होता की त्याच्या लग्नात हार घालताना नवरदेव कुठला, अशी चौकशी झाली होती. कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसे आणि घरी बायको, अंजनाबाई असायची, तिथेही नसे. त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. कुठली भाजी आणू, हेसुद्धा नाही.

मग मागच्या वर्षी मार्चमध्ये त्याचं डोकं दुखलं.

दुखायचं ते तसं आधीही. अर्धं डोकं, डाव्या भुवईपासून मानेपर्यंत, आणि डोळ्यांसमोर मागावरच्या तुटलेल्या जरीसारखं काहीतरी चमचमायचं. पण त्या दिवशी आभाळ निळंशार होतं, गच्चीवर अख्ख्या चाळीचे पापड वाळत होते, आणि श्रीपत डोकं धरून जिन्यात बसला आणि म्हणाला, “पापड काढा. वारं येणार.” तो एवढं सलग बोलला याचंच बायकांना इतकं नवल वाटलं की त्यांनी पापड काढले. चार वाजता धुळीचं वादळ आलं. पलीकडच्या चाळीतले पापड दिंडोलीपर्यंत गेले, असं म्हणतात. निदान एक तरी गेला, कारण तो सायकलवरून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर बसला आणि तो माणूस भांडायला नवागामपर्यंत आला.

त्या दिवसापासून श्रीपतचं डोकं चाळीच्या मालकीचं झालं.

सकाळी कारखान्यात जायला निघाला की बायका दारात उभ्या असायच्या. “भाऊ, डोकं कसंय?” श्रीपत थांबायचा, डोळे मिटायचा, डावी भुवई बोटाने चाचपायचा आणि सावकाश सांगायचा, “डावीकडं शांत. मानेजवळ थोडं जड.” मग गाद्या बाहेर काढायच्या की नाही, लोकरीचं धुवायचं की नाही, हे त्यावर ठरायचं. हळूहळू त्याला याची गोडी लागली. तो निघायच्या आधी केस विंचरायला लागला.

खाली किराण्याचं दुकान होतं भाईदासचं. त्याला हे बिलकुल पसंत नव्हतं. त्याच्याकडे रेडिओ होता, बातम्यांनंतर त्यावर हवामान सांगत, आणि आजवर चाळीतल्या बायका त्यासाठी दुकानात यायच्या, येताना जिरं-मोहरी न्यायच्या. “रेडियो केहे छे, वातावरण सूकुं रहेशे,” भाईदास पायरीवर उभा राहून सांगायचा, हवा कोरडी राहणार. बायका विचारायच्या, “ते खरं, पण श्रीपतभाऊ काय म्हणतात?”

डोकं वरचेवर दुखायला लागलं तेव्हा अंजनाबाई नवऱ्याला उधन्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ही अर्धशिशी. हवा पालटली, आर्द्रता वाढली, हवेचा दाब पडला की काहींना होते, हे खरं. पण झोप कमीजास्त झाली, जेवण चुकलं, चहा चुकला, वास, आवाज, कटकट, कशानेही होते. तेव्हा केव्हा दुखतं ते महिनोन्‌महिने लिहून ठेवा, म्हणजे कळेल. श्रीपतने घरी येऊन यातलं ‘हवा पालटली’ एवढंच सांगितलं. बाकीचं अंजनाबाईने सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही. लिहायचं काम आपोआप वर गेलं, कारण चाळीत रोज लिहिणाऱ्या मालतीबाई एकट्याच होत्या. एक जानेवारीपासून त्यांच्या डायरीत श्रीपतच्या डोक्याची नोंद सुरू झाली. मिठाची आधीपासून होतीच. बरणीतलं मीठ ओलसर झालं की हवेत पाणी आहे, एवढं त्यांना पुरायचं.

आता सखुबाईच्या गव्हाचं.

सखुबाई परभणीकडची, नवरा सखाराम गवंडीकाम करायचा. तिच्या मुलीचं, कविताचं लग्न पाच मेला, गावी. चोवीस एप्रिलला सगळं बिऱ्हाड निघणार होतं. साखरपुड्यात कविताच्या होणाऱ्या सासूने पाय दुमडून बसत म्हटलं होतं, “रुखवतात कुरडया नसल्या तरी चालंल बरं का. सुरतेच्या लोकांना कुठनं यायच्या? तिकडं फाफडा खात्यात.” सखुबाई तेव्हा हसली होती. घरी येऊन तिने सोऱ्या चिंचेने घासून ठेवला, तो महिनाभर चमकत होता.

पण कुरडयांचं असं आहे की त्या आज ठरवून आज होत नाहीत. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून गच्चीवर घालायच्या. मंगळवारी गहू भिजवले, तर ऊन हवं शनिवारी. ते दगलबाज निघालं तर ओल्या कुरडयांना बुरशी. दुसऱ्यांदा करायला दिवस उरत नव्हते. दोनच वर्षांपूर्वी तिच्या कुरडया ढगांनी खाल्ल्या होत्या आणि आठ दिवस खोलीला आंबट वास होता. म्हणून मंगळवारी सकाळी गव्हावर पाणी ओतायच्या आधी ती श्रीपतसमोर जाऊन उभी राहिली.

श्रीपतने डोळे मिटले. “शांत,” तो म्हणाला.

“पाची दिवस शांत?”

“पाच दिवसांचं आत्ताच कसं सांगू? रोज विचारा.”

“तर मग पाच दिवस त्याला जपायचं,” सखुबाईने सगळ्या बायकांना सांगितलं, आणि जपणं सुरू झालं.

पहिल्यांदा तिने श्रीपतची बामची बाटली काढून घेतली. बाम लावला की दुखणं झाकलं जातं, मग कळणार कसं? मग तिने त्याला उन्हात टोपी घालायला लावली. कुणी शिरा आणून दिला, कुणी ताक. शेवटी ती अंजनाबाईपाशी आली आणि हळूच म्हणाली, “एक मागते. शनवारपर्यंत त्याच्याशी भांडू नगंस.”

“का बरं?”

“तुझ्या भांडणानं दुखलं का ढगानं दुखलं, आमाला कसं कळावं?”

अंजनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सतरा वर्षं झाली लग्नाला. एक दिवस खाडा नाही. आता पाच दिवसांचं साचलेलं मी ठेवू कुठं?”

“माज्याशी भांड.”

अंजनाबाईला हे पटलं. बुधवारी आणि गुरुवारी ती संध्याकाळी सखुबाईच्या दारात जाऊन, नवऱ्याला ऐकवायचं ते तिला ऐकवून यायची. “चप्पल दारात काढता येत नाही? घर आहे का धर्मशाळा?” सखुबाई गव्हाचं पाणी बदलता बदलता म्हणायची, “चुकलं बाई.” मालतीबाईंनी तेही लिहिलं: ‘अंजनाबाई व सखुबाई, भांडण, सव्वासहा ते साडेसहा. एकतर्फी.’

गुरुवार संध्याकाळपर्यंत डोकं ठीक, मीठ कोरडं.

शुक्रवारी नवागामच्या कारखान्यांना वीज नसायची, म्हणून मागांना सुट्टी. श्रीपत सहा दिवस पहाटे उठायचा आणि सातव्या दिवशी दहा वाजेपर्यंत झोपायचा. अंजनाबाई सकाळीच भाजीला उधन्याच्या बाजारात जायची. त्या शुक्रवारी ती टोपली घेऊन परत येते तो नवरा उंबऱ्यात बसलेला, दोन्ही हातांनी डोकं धरून.

“मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं,” तो म्हणाला.

तिच्या हातातली टोपली कलली, कांदे जिन्यावरून खाली गेले आणि भाईदासच्या दुकानापर्यंत बातमी पोचली. भाईदासने कांदे गोळा केले, रेडिओ मोठा केला. रेडिओ म्हणत होता, कोरडं.

सखुबाई धावत आली. तिच्या मागे सहा-सात बायका. “कुठली बाजू?”

“डावी.”

“किती?”

“लई.”

सखुबाई मटकन जिन्यावर बसली. गहू भिजून फुगले होते, आज वाटायचे होते. “उद्या वारं-पाऊस,” ती म्हणाली. “झालं. मला तो सोऱ्याच डोक्यात घालून घ्यावा वाटतो.” मग तीच उठली. “आजचं ऊन तर हाय ना? आत्ता वाटते, दोन घंटे निवळू देते, दुपारीच घालते. काळ्या झाल्या तर झाल्या.”

रात्रभर न निवळलेल्या चिकाच्या कुरडया काळपट होतात, तळल्या तर फुलत नाहीत, दाताखाली खडा आल्यासारख्या लागतात. अशा कुरडया रुखवतात मांडायच्या म्हणजे विहीणबाईंना पुढची तीस वर्षं बोलायला पुरेल एवढं देऊन ठेवायचं.

“काळ्या कुरडया सासूला दिसणारच,” कविता दारातून म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. “त्यापेक्षा फाफडा ठेवा.”

मालतीबाई वरून कठड्यापाशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्या खोलीत गेल्या, बरणीचं झाकण काढून मीठ बोटांत धरलं. भुरभुरलं. वाळूसारखं कोरडं. त्यांनी डायरी उघडली, एक जानेवारीपासून, आणि एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. साठ वर्षं त्यांनी नोंदी केल्या होत्या, पण मागे जाऊन त्या वाचायच्या आणि त्यातून काही काढायचं, हे कधी केलं नव्हतं. सिस्टर अ‍ॅग्नेसने तसं काही सांगितलं नव्हतं. काहीतरी वाटणार आणि तेच लिहावं लागणार, या भीतीने त्यांनी रकान्यांची रेघ पुन्हा एकदा ओढली.

खाली सखुबाई पाटा-वरवंटा काढत होती. मालतीबाई कागद घेऊन जिना उतरल्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. “हे ऐका सगळ्या. जानेवारीपासून आजपर्यंत श्रीपतचं डोकं तेवीस वेळा दुखलं.”

“तेवीस?” श्रीपतने मान वर केली. त्याला अभिमान वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं.

“त्यातले चौदा शुक्रवार.”

कुणाला काही कळलं नाही. मालतीबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. “आजचा धरून. आणि आजचा सोडला तर बाकीच्या तेरा शुक्रवारांपैकी दोनदाच दुसऱ्या दिवशी हवा बिघडली. उरलेले नऊ दिवस इतर वारांचे. त्यातल्या सात वेळा वारं, ढग, धुकं, काही ना काही आलं आणि त्या सातही दिवशी माझं मीठ ओलसर होतं. आज मीठ कोरडं आहे.”

“आणि ते दोन?” अंजनाबाईने विचारलं. “नऊपैकी सात झाले.”

मालतीबाईंनी रकान्यावर बोट ठेवलं. “एक तुझी आई आली तो दिवस. एक ती गेली तो.”

बायकांनी पदर तोंडाला लावले.

“आली तेव्हाचं समजलं,” अंजनाबाई म्हणाली. “गेली तेव्हा काय झालं होतं दुखायला?”

“तिने माझ्याशी चांगलं बोलून निरोप घेतला,” श्रीपत म्हणाला. “मला काळजी वाटली.”

“वर्षाचे आतापर्यंत सोळा शुक्रवार झाले,” मालतीबाई पुढे म्हणाल्या. “चौदा दुखले, दोन नाही दुखले. कुठले दोन? सव्वीस जानेवारी. त्या दिवशी कारखान्याच्या दारात झेंडा होता, तुझा स्टो पावणेसहाला लागला. आणि गेल्या आठवड्याचा बारा एप्रिल. चौदा तारखेच्या मिरवणुकीसाठी तुम्ही सगळे पहाटे पाचला उठून कमान रंगवत होता. स्टो पाचला. बाकी प्रत्येक शुक्रवारी स्टो साडेदहाला. अंजना बाजारातून आल्यावर.”

“माझा स्टोसुद्धा लिहिता?” अंजनाबाई म्हणाली.

“पंप मारलेला ऐकू येतो. घडतं ते लिहिते.” मालतीबाईंनी कागदाची घडी केली. “सहा दिवस हा पहाटे साडेपाचला चहा पितो, मग कारखान्यात चार कप. शुक्रवारी दहापर्यंत झोप आणि चहा नाही. मला वाटतं,” आणि त्या इथे अडखळल्या, कारण हे शब्द त्यांच्या तोंडून फारसे निघत नसत, “मला वाटतं, हे ढगाचं डोकं नाही. हे चहाचं डोकं आहे.”

श्रीपत उठून उभा राहिला, पण दुखत असल्याने लगेच बसला. “आजी,” तो म्हणाला, “बावीस वर्षं मी माग चालवतो. धागा तुटायच्या आधी मला कळतं. आणि माझंच डोकं मला कळत नाही?”

“चहा दे त्याला,” मालतीबाईंनी अंजनाबाईला सांगितलं. “दोन पोळ्यांबरोबर.”

चहा झाला. श्रीपतने तो अशा चेहऱ्याने प्याला की जणू कुणी त्याची परीक्षा घेतंय आणि त्याला नापास व्हायचंय. सगळ्या बायका गोल करून बसल्या. सखुबाई वरवंट्यावर हात ठेवून. पाऊण तास गेला.

“कसंय भाऊ?”

“दुखतंय.”

“डावी बाजू?”

“डावी... नाही. म्हणजे आहे. असेल.” त्याने भुवई चाचपली, मग दुसरी भुवई चाचपली, मग मान वळवून पाहिली, डावीकडे आणि उजवीकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं दुःख उतरलं की अंजनाबाईलाच त्याची दया आली.

“थांबलं ना?” ती म्हणाली.

“थोडं थांबलं,” श्रीपत म्हणाला.

सखुबाईने त्या दिवशी गहू वाटले आणि चीक घमेल्यात झाकून रात्रभर निवळायला ठेवला. भाईदासला इतका आनंद झाला की त्याने श्रीपतला पाव किलो चहा घरी नेऊन दिला आणि म्हणाला, “पैसे नको. फक्त रेडिओची बाजू घेत जा.”

शनिवारी पहाटे चीक पांढराशुभ्र होता, ताकावरच्या लोण्यासारखा. साडेचारला तीन स्टो एकदम पेटले, सहाला सोऱ्या फिरायला लागला आणि साडेसातपर्यंत गच्चीवर डागी साड्यांच्या चार लांब रांगांवर कुरडयाच कुरडया. विणताना डाग पडलेल्या, बाजारात न जाणाऱ्या साड्या सुरतेत कुणाच्याही घरी मिळतात, आणि जांभळ्या फुलांवर पांढऱ्या कुरडया फार छान दिसत होत्या. कविता पंख्याने कावळे हाकत बसली. सखुबाई दर दहा मिनिटांनी आभाळाकडे बघायची आणि दर वेळी हसायची.

श्रीपत मात्र सकाळी कारखान्यात जाताना कुणाच्या दारात थांबला नाही. कुणी विचारलंही नाही. केस विंचरलेले होते. मालतीबाईंनी वरून ते पाहिलं आणि त्यांना जरा चुकल्यासारखं झालं, पण हे लिहिण्यासारखं नव्हतं.

दुपारी पावणेदोनला श्रीपत परत आला. माग दुसऱ्याच्या हवाली करून, भिंतीला धरून धरून, डावा डोळा मिटलेला.

“काढा,” तो म्हणाला. “कुरडया काढा.”

गच्चीच्या जिन्यात बायका जेवत बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

“चहा पिलात का भाऊ?” सखुबाईने प्रेमाने विचारलं.

“पाच कप झालेत.”

“आणखी एक घ्या.”

कुणीतरी आणलाच. श्रीपतने प्याला. मग बाकीच्या सहाजणींनीही एकेक आणला, तेही प्याला, कारण नाही म्हणायलाही डोकं हलवावं लागत होतं. “चमकतंय,” तो म्हणाला. “डोळ्यासमोर सगळं चमकतंय. तुटलेल्या जरीसारखं. काढा ना बाई त्या.”

“रेडियो केहे छे...” खालून भाईदासने सुरुवात केली.

“भाऊ, तुमचं डोकं म्या काल बघितलं,” सखुबाई म्हणाली. “अर्ध्या वाळल्यात त्या. आत्ता हलवल्या तर मोडत्यात. आणखी तीन घंटे ऊन पायजे. तुमी जावा, पडा जरा.”

श्रीपत तिथेच जिन्यात बसला. त्याने पुन्हा सांगितलं नाही. गप्प बसायची त्याला बावीस वर्षांची सवय होती.

मालतीबाई दुपारच्या झोपेतून उठून बाहेर आल्या तेव्हा त्यांना जिन्यात हे दिसलं: चहाचे सात रिकामे कप आणि मधोमध श्रीपत, कपाळ भिंतीला टेकून. त्यांनी कप मोजले. मग आत गेल्या आणि मिठाची बरणी उघडली. बोटं आत घातली. मीठ बोटांना चिकटून वर आलं.

आज शनिवार होता. स्टो आज पहाटे लागला होता, सगळ्यांबरोबर. चहा चुकलेला नव्हता, उलट जरा जास्तच झाला होता. अंजनाबाईची आई चाळीसगावला होती. डायरी उघडायची गरजच नव्हती. चपला न घालताच त्या गच्चीवर गेल्या.

“उचला,” त्या म्हणाल्या.

“आजी, काल तुमीच म्हणालात त्याचं डोकं खोटं.”

“काल शुक्रवार होता. मी खोटं म्हटलं नाही, चहाचं म्हटलं.” त्यांनी बोटं पुढे केली. त्यांवर मीठ अजून चिकटून होतं. “आज खरं आहे. सखू, तुझ्या कुरडया आहेत, तू ठरव. पण माझ्या असत्या तर मी त्या पळवल्या असत्या.”

सखुबाईने आभाळाकडे पाहिलं. निळं. मग मालतीबाईंच्या बोटांकडे पाहिलं. मग खाली जिन्यात, कपांच्या मधोमध बसलेल्या माणसाकडे. “अगं बाई,” ती एवढंच म्हणाली आणि साडीचं एक टोक उचललं.

कुरडई साडीवरून उचलली तर मोडते, साडीसकट उचलली तर नाही. दोघी-दोघींनी टोकं धरली आणि जखमी माणसाला न्यावं तसं एकेक साडी आडवी ताणून जिन्यातून खाली आणली. “डावीकडं वळ. खाली बघू नको, कुरडई बघ.” जिन्याच्या वळणावर एक साडी श्रीपतच्या डोक्यावरून गेली, तो खाली वाकून बसला. मग खोल्या. सखुबाईच्या खोलीत एक साडी, अंजनाबाईच्या खाटेवर एक, मालतीबाईंच्या पलंगावर एक. चौथीला जागा उरेना, तेव्हा भाईदास दुकानातली पोती बाजूला सरकवत म्हणाला, “अहीं लावो.” आणि रेडिओ बंद केला. सगळ्या खोल्यांत पंखे पूर्ण सुरू.

तीन वाजून दहा मिनिटांनी खाडीकडून वारा उठला. आधी गच्चीवरच्या दोऱ्या वाजल्या, मग दिंडोलीच्या बाजूने धुळीची तपकिरी भिंत आली. पत्रे खडखडले, कुणाचा तरी पायजमा उडत जाऊन विजेच्या खांबाला लटकला. मग पाऊस आला, वीस मिनिटं, जाड थेंबांचा. गच्चीवर जिथे कुरडया होत्या तिथे पाण्याची तळी साचली. वीजही गेली. तेव्हा बायकांनी सुपं घेतली आणि वारा घालत बसल्या, आळीपाळीने, तास-दीड तास. सखुबाई भाईदासच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसून, दोन्ही हातांत दोन सुपं.

अंजनाबाईच्या खाटेवर कुरडया होत्या, म्हणून श्रीपत खाटेखाली झोपला होता, कपाळावर ओला रुमाल. पावसाचा आवाज कमी होत आला तेव्हा त्याने खाटेखालून हळूच सांगितलं, “आता ओसरतंय.”

“काय, पाऊस का डोकं?” अंजनाबाईने विचारलं.

“दोन्ही.”

तिने सूप बाजूला ठेवलं आणि खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. पाच दिवसांचं साचलेलं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. “शनवार झाला,” ती म्हणाली. “चप्पल दारात काढता येत नाही? खाटेखाली चप्पल घालून झोपलाय.” श्रीपत रुमालाखाली हसला. चपला काढून त्याने एकेक बाहेर सरकवली.

संध्याकाळी वीज आली. सखुबाई एका ताटात दोन कुरडया तळून घेऊन आली. ओलसर होत्या म्हणून कडा तेवढ्या फुलल्या नव्हत्या, पण पांढऱ्या होत्या, दुधासारख्या. एक तिने मालतीबाईंना दिली, दुसरी खाटेखाली सरकवली. “भाऊ,” ती म्हणाली, “उद्या डोकं कसं ऱ्हाईल? उद्या अजून दोन घंटे ऊन पायजे.”

श्रीपत कोपरावर उठला. त्याने डोळे मिटले, भुवई चाचपली. बाहेर जिन्यात बाकीच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. भाईदासही आला आणि मागे उभा राहिला.

“शांत,” श्रीपत म्हणाला. मग जरा विचार करून त्याने पुढे जोडलं, “पण आधी मिठाचं विचारा.”

मालतीबाई वर गेल्या. डायरीत त्यांनी वाऱ्याची वेळ लिहिली, पावसाची लिहिली, चहाचे कप लिहिले. ‘मला वाटतं’ असं लिहायला सुरुवात केली आणि खोडलं. मग शेवटची ओळ लिहिली:

पलंगावर कुरडया, बासष्ट. आज झोपायला चटई.